रॅक बदलण्यापूर्वी गळती कुठून होते आहे ते पाहावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्याच्या सखल वस्त्यांत शिरले, तेव्हा बुडालेल्या गाड्यांची इंजिने, सीटा आणि वायरिंग लोकांनी तातडीने दुरुस्त करून घेतले. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये आडवा बसवलेला, ती चाके वळवणारा स्टिअरिंगचा रॅक मात्र फारच थोड्यांनी तपासला, कारण त्या वेळी त्याची काही तक्रार नव्हती. ती पुढे काही महिन्यांनी सुरू झाली. गाडीखाली तेलाचे थेंब दिसू लागले, स्टिअरिंग वळवताना कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला आणि ओळखीच्या चार-पाच जणांना गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळाले, ‘रॅक गयो छे, नवो नाखवो पडशे’ (रॅक गेला आहे, नवा टाकावा लागेल). मी सुमारे तीस वर्षे एका कारखान्यात हायड्रॉलिक यंत्रांच्या देखभालीचे काम केले आहे. हे उत्तर कधी बरोबर असते आणि कधी साफ चूक असते, पण बहुतेक वेळा ते गाडीखाली नीट न पाहताच दिलेले असते, हे मला आपल्या वाचकांसमोर मांडायचे आहे.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर असते आणि तेल नसतेच, त्यामुळे पुढील मजकूर तेलावर चालणाऱ्या स्टिअरिंगपुरता आहे. त्यात इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप दाबाखालील तेल रॅककडे पाठवतो आणि ते तेल रॅकच्या दांड्यावरील पिस्टनला डावीकडे किंवा उजवीकडे ढकलते. तेल बाहेर येऊ नये म्हणून दांड्याभोवती सील असतात, तर दांड्यावर पाणी आणि धूळ बसू नये म्हणून दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बूट असतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून पिनियन (स्टिअरिंगबरोबर फिरून दांड्याला सरकवणारे छोटे दातेरी चाक) आणि दांड्याचे दाते सामान्यतः उजव्या बाजूला असतात आणि सीलमधून सरकणारा गुळगुळीत भाग डाव्या बुटाखाली येतो. डावा बूट फाटला तर नेमका हाच भाग उघडा पडतो.

तपासणीची सुरुवात धुण्यापासून करावी. जुन्या तेलाचा आणि मातीचा थर तसाच ठेवून गळतीचे मूळ सापडत नाही. पंप, नळ्या आणि रॅक स्वच्छ पुसून टाकीतील तेल खुणेपर्यंत भरावे, इंजिन सुरू करावे, एकाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने बॅटरीच्या प्रकाशात पाहावे. स्टिअरिंग शेवटच्या टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये, कारण तेव्हा दाब सर्वांत जास्त असतो. दाबाच्या नळीवर हात फिरवून गळती शोधण्याची सवय तर मोडलीच पाहिजे. बारीक छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीत शिरू शकते.

गळती पंपाच्या सीलमधून असू शकते, दाबाच्या नळीच्या जोडावरील तांब्याच्या वॉशरमधून असू शकते किंवा इंजिनच्या उष्णतेने कडक झालेल्या परतीच्या रबरी नळीतूनही असू शकते. हे तेल ओघळत रॅकवर येते आणि तिथून खाली पडते, त्यामुळे दोष रॅकवर जातो. आमच्या शेजाऱ्यांना रॅक बदलण्याचा अंदाज लिहून मिळाला होता. आम्ही धुऊन पाहिले तेव्हा तेल पंपाजवळच्या जोडातून येत होते आणि दोन वॉशर बदलल्यावर ते थांबले. रॅकची खात्री करायची असेल, तर बुटाची पट्टी सैल करून बूट थोडा मागे सरकवावा. आतून तेल ओतल्यासारखे आले तर आतला सील गेला आहे. बूट आतून कोरडा असेल तर आधी दुसरीकडे शोधावे. काही गाड्यांत दोन्ही बूट एका बारीक नळीने जोडलेले असतात, त्यामुळे एका बाजूचे तेल दुसऱ्या बुटातही सापडते, हे ध्यानात ठेवावे.

माझ्या स्वतःच्या गाडीत दोष खरोखरच रॅकचा होता. पुराच्या पाण्यात ती दोन दिवस उभी होती आणि डावा बूट त्याआधीच चिरलेला होता, जो मी वेळेवर पाहायला हवा होता. एका गॅरेजने रॅक उघडून नवे सील बसवले, पण दांडा मला दाखवला नाही. चार महिन्यांत तेल पुन्हा गळू लागले. दुसऱ्या मिस्त्रींनी रॅक उघडला, दांडा पुसला आणि माझे नख त्यावरून फिरवायला सांगितले. गंजाचे खड्डे नखाला अडकत होते. अशा दांड्यावर कितीही चांगला सील बसवला तरी तो खड्डा प्रत्येक वळणाला सीलची कड कापत राहतो. नुसता डाग असेल आणि नख अडकत नसेल, तर बारीक पॉलिश पेपरने काम भागते. दांड्यावर हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियम धातूचा कठीण मुलामा, चढवून घ्या, असेही मला सुचवण्यात आले, पण मी ते मानले नाही. असा मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि नंतर भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवून तो काढला नाही तर पोलाद ठिसूळ होऊ शकते. स्टिअरिंगच्या दांड्याबाबत हा धोका पत्करणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मी नवा रॅक बसवला. पहिल्याच वेळी कोणी दांडा दाखवला असता, तर सीलचे आणि दुहेरी मजुरीचे पैसे वाचले असते.

रॅक बसवतानाही घाई नडते. स्टिअरिंगच्या चाकापासून खाली रॅकपर्यंत येणारा दांडा रॅकपासून सोडवल्यावर वरचे स्टिअरिंगचे चाक बांधून ठेवावे लागते. ते मोकळे फिरले तर एअरबॅग असलेल्या गाड्यांत त्याखालची गुंडाळलेली विद्युतपट्टी तुटते. जुने काळे तेल पूर्ण काढून नळ्या धुवाव्यात, पुढची चाके उचलून इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग अनेकदा सावकाश फिरवावे, टाकीत भर घालत राहावे आणि बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घेणे अनिवार्य आहे. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच असावे. टाकीत ब्रेक ऑइल घालणारे लोक मी पाहिले आहेत. या सीलचे रबर खनिज तेलासाठी बनवलेले असते, ब्रेक ऑइलने ते फुगते आणि मऊ पडते, आणि मग पंपापासून रॅकपर्यंत सगळेच गळू लागते. गळती थांबवण्यासाठी टाकीत घालायच्या द्रवाच्या बाटल्यांनी सील थोडे फुगून काही दिवस आराम पडतो, पण दांड्याचा खड्डा भरत नाही.

शहरातील गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे, की रॅक बदलण्याचा सल्ला देण्यापूर्वी ग्राहकाला गाडीखाली बोलावून बूट उघडून दाखवावा, रॅक उघडल्यास दांडा दाखवावा आणि गळती कुठून होती ते बिलावर एका ओळीत लिहावे. पुरात गाडी उभी राहिली होती अशा प्रत्येकाने येत्या पावसाळ्यापूर्वी दोन्ही बूट चिरले आहेत का, एवढे तरी टायरमागे वाकून पाहावे. हा बूट काहीशे रुपयांत मिळतो.

आपला नम्र,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा