डब्याची मागची बाजू

महोदय,
गंगावेशीत कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून धारोष्ण दूध पिणारं आपलं कोल्हापूर. तसल्या दुधात मी नातवाला रोज दोन चमचे चॉकलेटी पावडर घालत होते. परवा भिंग घेऊन डब्यामागची बारीक अक्षरं वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. माल्टच्या पाठोपाठ साखर, पुढं लिक्विड ग्लुकोज, म्हणजे साखरेचाच पातळ भाऊ, आणि कोको पार खाली! जीव चरकला. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव. आपलं नाचणीसत्त्वही त्याच जातीचं. असल्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकतात; पण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक'ची व्याख्याच नाही, म्हणून २०२४ मध्ये केंद्रानं ऑनलाइन विक्रेत्यांना ही पेयं त्या गटातून काढायला सांगितलं. मग दुकानातल्या फळीवर तीच पाटी कशी चालते? साखरेचा आकडा डब्याच्या दर्शनी बाजूला ठळक छापायची सक्ती करा.

– एक आजी, शुक्रवार पेठ, कोल्हापूर