ताई, तुमच्या प्रश्नांचे आणि तुमच्या वजनकाट्याचे आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

जोडीदारासाठी देश सोडणाऱ्याला निरोप द्यायला पुष्कळ जण येतात. त्याच्याबरोबर जमिनीवर बसून कागद लावणारे फार थोडे असतात, आणि तुम्ही त्या थोड्यांतल्या. तुमच्या शेजारी बसून तयारी केलेल्या आम्हा सगळ्यांचं हे पत्र. ते उघड लिहितोय, कारण तुम्ही नेमकं काय करता आणि त्याचा पुढे कसा उपयोग होतो, हे आता निघणाऱ्यांना कळायला हवं. त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांनाही.

आधी आभार तुमच्या पहिल्या प्रश्नाचे. ‘काय काय नेणार?’ असं बाकी सगळे विचारतात. तुम्ही विचारता, ‘यातला कुठला कागद कधी शिळा होतो?’ हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही की व्हिसाचे बरेच अर्ज तिथेच अडकतात. उत्साहाच्या भरात माणूस सगळे दाखले एकदम काढून मोकळा होतो. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, अविवाहित असल्याचा दाखला, वैद्यकीय तपासणी यांना मुदत असते. कित्येक देशांत तर जन्मदाखलाही गेल्या तीन किंवा सहा महिन्यांत काढलेला लागतो. माणूस तोच, जन्मतारीख तीच, तरी प्रत ताजी हवी. मुलाखतीची तारीख येईपर्यंत सगळ्यांची मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून तुम्ही कामं उलट्या क्रमाने लावता. ज्यांना वेळ लागतो पण जी शिळी होत नाहीत, ती आधी: नावातली दुरुस्ती, पासपोर्टचं नूतनीकरण, विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या सीलबंद प्रती. लवकर शिळे होणारे दाखले शेवटी.

पासपोर्टच्या बाबतीत तुमचा आग्रह ठाम असतो आणि तो रास्त आहे. बऱ्याच देशांना प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिन्यांची वैधता लागते, शिवाय कोरी पानं लागतात. वर्षभरात संपणाऱ्या पासपोर्टवर दीर्घ मुदतीचा व्हिसा घेतला, तर पुढे जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट बरोबर बाळगत फिरावं लागतं. काही ठिकाणी राहण्याच्या परवान्याची मुदतसुद्धा पासपोर्टच्या मुदतीइतकीच मिळते.

मग तुमचा तो कागद. एका बाजूला दाखल्यांची यादी आणि तीन रकाने: नाव, आडनाव, जन्मतारीख. प्रत्येक दाखल्यावर जे छापलंय ते अक्षर न् अक्षर तसंच उतरवायचं. हे कंटाळवाणं काम तुम्ही शेजारी बसून करून घेता म्हणूनच ते होतं. एका जागी मधलं नाव आहे, दुसरीकडे नाही. कुठे एक ‘अ’ जास्त, कुठे आडनाव आधी. घरात त्याने कुणाचं काही अडत नाही. परक्या देशातला अधिकारी मात्र त्याच्यासमोरच्या दोन स्पेलिंगांत दोन माणसं पाहतो. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत नावाला ३९ जागा मिळतात. लांब नाव तिथे तुटतं, आणि मग विमानाचं तिकीट कसं काढायचं हा प्रश्न पडतो. तारखांचंही तसंच. ०३/०४ म्हणजे कुठे तीन एप्रिल, तर कुठे चार मार्च. महिना अक्षरांत लिहायला तुम्ही सांगता, आणि तेवढ्याने हा घोळ टळतो.

लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही यावर तुम्ही कधी मत दिलं नाहीत, याचे वेगळे आभार. तुम्ही फक्त वेळ सांगितलीत: बदलायचं असेल तर अर्ज करण्याच्या पुष्कळ आधी, नाहीतर राहण्याचा परवाना हातात पडल्यावर. अर्ज मध्यावर असताना बदललं, तर अर्धी फाइल एका नावावर आणि अर्धी दुसऱ्या नावावर होते.

अपोस्टिलबद्दल तर तुमच्याकडूनच कळलं. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातले देश एकमेकांचे सरकारी कागद एका ठरावीक प्रमाणपत्रावर, म्हणजे अपोस्टिलवर, मान्य करतात. ते चौकोनी असतं, त्यावर दहा क्रमांकित नोंदी असतात आणि वर कराराचं नाव फ्रेंचमध्ये छापलेलं असतं. दाखल्यातला मजकूर खरा आहे असं ते म्हणत नाही. सही आणि शिक्का अस्सल आहेत, एवढंच ते सांगतं. जायचा देश करारात नसेल, तर त्याच्या वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं. इथे क्रम चुकला की पैसे दोनदा जातात. आधी अपोस्टिल, मग भाषांतर, म्हणजे अपोस्टिलच्या मजकुराचंही भाषांतर त्यात येतं. भाषांतरकार कुठल्या देशात नोंदलेला हवा, हेही आधी विचारून घ्यायचं. आणि तुमच्या दोन ताकिदी: मूळ दाखल्याला प्लास्टिकचं आवरण चढवायचं नाही, कारण मग त्यावर शिक्का उमटवता येत नाही, आणि स्कॅन करायच्या सोयीसाठी अपोस्टिलची पिन काढायची नाही, कारण सुटं झालेलं अपोस्टिल संशयास्पद ठरतं.

नातं खरं असल्याचा पुरावा गोळा करणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम. आपल्या प्रेमाची फाइल करायची, हेच मनाला लागतं. तुम्ही ते हलकं केलंत. दोघांनी वेगवेगळं बसून तारखा लिहायच्या: पहिली भेट, एकत्र केलेले प्रवास, साखरपुडा, घरच्यांची गाठ. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवायचे. खरं नातं असलेल्यांच्या आठवणीही महिन्या-दोन महिन्यांनी चुकतात, आणि ती तफावत मुलाखतीच्या खोलीत उघड होण्यापेक्षा घरात झालेली बरी. फोटोंची रास घालायची नाही. पंधरा-वीस फोटो पुरतात, पण ते वेगवेगळ्या वर्षांतले, वेगवेगळ्या जागी काढलेले आणि इतर माणसांसोबतचे असावेत. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, कोण कोण आहे. गप्पांच्या हजार पानांपेक्षा दर दोन-तीन महिन्यांचं एखादं पान, प्रवासाची तिकिटं आणि एकत्र केलेल्या खर्चाच्या पावत्या वाचणाऱ्याला पटतात. तुमच्या पुढ्यात बसून फोटो निवडताना लोक हसतात, रडतात, मध्येच गप्प होतात. तुम्ही घाई करत नाही.

आणि आता तो प्रश्न, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहावंसं वाटलं. कागद आटोपले की तुम्ही हळूच विचारता, ‘तिथे तुझ्या नावावर काय असेल?’

जोडीदाराच्या आधाराने गेलेल्या माणसाकडे सुरुवातीला तिथे काहीच नसतं. भाडेकरार दुसऱ्याच्या नावावर, विजेचं बिल दुसऱ्याच्या, फोन दुसऱ्याच्या योजनेत. बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा बिल मागतात. बिलं बँकेतून भरली जातात. या चक्रात शिरण्याची सोपी वाट म्हणजे पहिल्या आठवड्यातच भाडेकरारात दुसरं नाव घालून घेणं किंवा घरमालकाकडून लेखी पत्र घेणं, आणि जिथे रहिवासी नोंदणीची पद्धत आहे तिथे ती लगेच करणं. हे जोडीदाराशी निघण्याआधी बोलून ठेवा, असं तुम्ही सांगता. कामाची परवानगी व्हिसासोबतच मिळते की वेगळा अर्ज करावा लागतो, आणि लागत असेल तर दरम्यान काय करायचं, हेही. परतीच्या तिकिटाएवढे आणि काही महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे स्वतःच्या, फक्त स्वतःच्या खात्यात असावेत, हे तुम्ही जोडीदारासमोरच बोलता. त्यात संशय नसतो. चांगल्या जोडीदाराला ते ऐकून बरंच वाटतं, कारण आपल्या माणसाने प्रत्येक खर्चाला हात पसरावा हे त्यालाही नको असतं.

याच भागात तुमची पत्रांची यादी येते. जुन्या ठिकाणची कर्जफेडीची पत सहसा नव्या देशात दिसत नाही, म्हणून बँकेचं पत्र. वाहनविम्याचा दावा न केल्याचं विमा कंपनीचं पत्र, कारण काही देशांत त्यावर हप्ता कमी होतो. नोकरीच्या ठिकाणचं अनुभवपत्र, ज्यात पद, तारखा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं असेल. साहेब बदलल्यावर ते मिळवणं कठीण जातं. लसीकरणाची नोंद, दातांचे एक्स-रे, चष्म्याचा नंबर, आणि त्यात दोन बुबुळांमधलं अंतरही. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागणार असेल तर तो निघण्याआधीच काढायचा, कारण मूळ परवाना ज्या देशाचा, सहसा तिथेच तो मिळतो.

फोन नंबरची गोष्ट किरकोळ वाटते आणि सर्वांत जास्त तीच छळते. बँकेचा ओटीपी जुन्या नंबरावर येतो. नंबर वापरला नाही की कंपनी तो बंद करते आणि काही काळाने दुसऱ्याला देते. मग खातं आपलं आणि त्याचा ओटीपी परक्याच्या हातात. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी तुम्ही जिथे जमेल तिथे ओटीपी बंद करून फोनमधल्या कोड देणाऱ्या ॲपवर न्यायला लावता, आपत्कालीन कोड कागदावर छापून घेता, आणि जुना नंबर सगळ्यात स्वस्त योजनेवर चालू ठेवायला सांगता. मुखत्यारपत्राबाबतही तसंच. ते सरसकट नको. कुठलं घर, कुठलं खातं, कुठलं काम आणि किती काळ, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. जाण्याआधी ते एका बैठकीत होतं. गेल्यावर त्यासाठी वकिलातीची वेळ घ्यावी लागते, आणि वकिलात दुसऱ्या शहरात असते.

सामानाच्या दिवशी तुम्ही वजनकाटा घेऊन येता. किती बॅगांचं ओझं त्या काट्याने हलकं केलं असेल! विमानात बऱ्याचदा २३ किलोची मर्यादा असते, आणि पैसे भरायची तयारी असली तरी ३२ किलोच्या वरची एक बॅग सहसा घेत नाहीत, कारण ती माणसाला उचलावी लागते. हवा काढून घेणाऱ्या पिशव्यांनी जागा वाचते, वजन वाचत नाही. उलट त्याच पिशव्या कुरियरसाठी कामाच्या आहेत. कुरियरवाले वजन धरताना सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून बहुधा ५००० ने भागतात. ६० बाय ४० बाय ४० चं खोकं १९.२ किलोचं धरलं जातं, मग आत चार किलोची रजई का असेना. पुस्तकं मात्र लहान खोक्यात, नाहीतर तळ फाटतो. प्रत्येक खोक्यावर क्रमांक, आणि यादीत वस्तू, वापरलेली की नवी, अंदाजे किंमत. ‘घरगुती सामान’ एवढंच लिहिलं की सीमाशुल्कवाले खोकं उघडतात.

पॉवर बँक हातातल्याच बॅगेत. तिच्यावर वॉट-तास लिहिलेले नसतील तर तुम्ही गणित मांडून दाखवता: २०,००० मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १०००, म्हणजे ७४. शंभरपर्यंत साधारणपणे चालते. चार्जरवर ‘१००–२४०’ छापलंय का ते पाहायचं. असेल तर फक्त प्लग बदलायचा. केस वाळवायचं यंत्र आणि इस्त्री बहुधा एकाच व्होल्टेजची असते. प्लगचा अडॅप्टर आकार बदलतो, व्होल्टेज नाही, आणि अशी यंत्रं जळतात ती इथेच.

औषधं मूळ वेष्टनात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव. कोडीन किंवा स्यूडोइफेड्रिन असलेल्या सर्दी-खोकल्याच्या साध्या औषधांवरही काही देशांत बंधनं आहेत, त्यामुळे जायच्या देशाचे नियम आधी वाचायचे. मूळ कागदपत्रं, औषधं आणि एक जोडी कपडे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीच नाहीत.

आणि प्रत्येक बॅगेत दोन किलो रिकामे. शेवटच्या दिवशी कुणीतरी हातात काहीतरी ठेवणार आणि नाही म्हणता येणार नाही, हे तुम्ही आधीच धरलेलं असतं.

काय मागे ठेवायचं, याची यादी तुम्ही दुसऱ्या कुणाला करू देत नाही. ती जाणाऱ्यानेच करायची. ज्याचा निर्णय होत नाही ते एका खोक्यात, वर तारीख. वर्षभराने फोनवर विचारून मग ठरवायचं. असली खोकी तुम्ही स्वतःच्या घरात ठेवलीत, ताई. आमच्या पत्त्यावर येणारी पत्रं उघडून फोटो पाठवलेत, बँकेत आमच्यासाठी रांगा लावल्यात, आणि पहिल्या काही महिन्यांत ‘कशी आहेस, कसा आहेस’ याच्याआधी ‘खातं उघडलं का?’ असं विचारलंत. तो प्रश्न किती मायेचा होता, ते खातं उघडल्यावर कळलं.

तुमची यादी आम्ही एकत्र करून स्वच्छ लिहून काढली आहे. नव्याने निघणाऱ्यांना ती देतोय. काही चुकलं असेल तर नेहमीसारखं लाल पेनने खूण करून परत पाठवा.

तुमच्या ऋणात,
जोडीदारासाठी देश बदललेले आम्ही सगळे