फुगणाऱ्या जॅकेटची देखभाल

महोदय,

नौकाविहारातील सुरक्षेवरील आपल्या लेखात फुगणारे लाइफ जॅकेट सुटसुटीत असल्याने त्याची शिफारस केली आहे, ती मान्य. पण त्याच्या देखभालीबद्दल लेखात चकार शब्द नाही, हे खटकले. फोमचे जॅकेट मुळातच तरंगते, तर हे जॅकेट त्यातील छोट्या सिलिंडरला छिद्र पडून कार्बन डायऑक्साइड वायू आत भरेपर्यंत निव्वळ कापडी पट्टा असते. हा सिलिंडर बोटीच्या हादऱ्यांनी आट्यांतून सैल होऊ शकतो आणि एकदा वापरल्यावर निरुपयोगी ठरतो. त्यामुळे तो अधूनमधून हाताने घट्ट आवळावा, गंज चढला आहे का ते पाहावे आणि वजनकाट्यावर ठेवून त्यावर कोरलेल्या वजनाशी ताडून पाहावा. जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवावे; सकाळी ते मऊ पडले असेल, तर जाणकाराकडून तपासून घेईपर्यंत वापरू नये. पाण्यात पडताच आपोआप फुगणाऱ्या अनेक जॅकेटांत विरघळणारी गोळी असते, तिचीही मुदत संपते. हे जॅकेट रेनकोटाच्या आत घालणारेही कमी नाहीत. ते फुगताना छाती आवळली जाते, म्हणून ते सर्व कपड्यांवरूनच घालायला हवे.

– एक वाचक