प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षासाठी रुग्णतपासणीची प्रश्नपत्रिका तुझ्याकडे आली आहे आणि ती किती अवघड असावी, या विचारात तू पडली आहेस. मला मात्र अवघड-सोपे यापेक्षा, प्रश्न वाचताना विद्यार्थ्यापुढे रुग्ण उभा राहतो की पुस्तकाचे पान, हे अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रौढ व्यक्तीचा श्वसनाचा वेग विचारलास तर सगळेच मिनिटाला 12 ते 20 असे लिहितील. मागच्या प्रॅक्टिकलला एका विद्यार्थिनीने रुग्णाच्या छातीकडे न बघताच चार्टवर 18 लिहिले. कारण विचारल्यावर ती प्रामाणिकपणे म्हणाली, "मॅडम, सगळे तेवढेच लिहितात." मला फार वाईट वाटले, कारण पूर्ण मिनिटभर श्वास मोजण्याला आपण परीक्षेत कधी गुणच ठेवले नव्हते. म्हणून प्रश्न असा घाल: शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाचे श्वसन सकाळी 16, दुपारी 20 आणि आता 26 आहे, रक्तदाब ठीक आहे, पण त्याला अस्वस्थ वाटते; तुम्ही काय तपासाल आणि कोणाला कळवाल? रक्तदाब उतरण्याआधी बऱ्याचदा श्वास वाढतो, हे ज्याला समजले आहे तो रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबून राहणार नाही.

डोळे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन रुग्ण कितपत शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचेही तसेच. एकूण गुण 3 ते 15 असतात, हे पाठ असते. पण एक रुग्ण डोळे आपणहून उघडे ठेवतो, वेदना होते तिथे हात नेतो आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. दुसरा वेदना दिल्यावरच डोळे उघडतो, असंबद्ध शब्द बोलतो आणि हात मात्र तसाच नेतो. दोघांचीही बेरीज 10 येते. मग डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण वेगवेगळे का नोंदवायचे, हे विद्यार्थ्यांना लिहू दे. पोटाच्या तपासणीचा क्रम विचारशील तेव्हा कारणही विचार. आधी दाबून पाहिले तर आतड्यांचे आवाज बदलू शकतात, म्हणून स्टेथोस्कोप हाताच्या आधी लागतो.

हात कसा चालतो, हे कागदावर कळत नाही. त्यासाठी रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये मांडलेली ओस्की, म्हणजे प्रत्यक्ष कृती करून दाखवण्याच्या परीक्षेची पद्धत, मला अजूनही पटते. ठरावीक वेळ, एकेक काम करून दाखवायची वेगवेगळी स्टेशने आणि सर्वांना एकच कसोटी. मात्र परीक्षकाच्या यादीत 'हात धुतले', 'कफ (रक्तदाब मोजताना दंडाला बांधायचा पट्टा) बांधला' एवढ्याच खुणा नकोत. दंडाच्या मानाने कफ लहान असेल तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. तेव्हा दोन मापांचे कफ ठेव आणि विद्यार्थी कोणता उचलतो ते बघ. रुग्णाला नाव विचारून, काय करणार ते सांगून मगच हात लावला का, यालाही गुण असू देत. मी तर ते थोडे जास्तच देते.

कच्चा मसुदा झाला की मला पाठव. मी घड्याळ लावून स्वतः सोडवीन आणि कुठे वेळ अपुरा पडतो ते कळवीन.

तुझी,
मालती