मालकंसाचा भिन्नषड्ज होता होता

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

‘माझं नाव कुठे घालू नका’ असं तुम्ही तीनदा बजावलंत, म्हणून नुसतं ‘दादा’. आभार मात्र चारचौघांत मानणार. कामाचे पैसे घेतले नाहीत, त्याची ही शिक्षा समजा.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. बाबांच्या बंदिशींचं पुस्तक २००१ साली इथे ग्वाल्हेरात, जनकगंजातल्या एका ऑपरेटर काकांनी पेजमेकर ६.५वर, म्हणजे पुस्तकाची पानं लावायच्या तेव्हाच्या प्रोग्रॅमवर, लावलं होतं. छपाई आधी पैशांपायी अडली, मग बाबाच गेले. सीडी तानपुऱ्याच्या गवसणीच्या खिशात पडून राहिली. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, तीही २००१चीच. आपण शेवटच्या गाडीत बसलोय, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

गेल्या वर्षी पुस्तक काढायचंच असं ठरवलं, तर फाईल कुठे उघडेना. त्याच अडोबी कंपनीचा नंतरचा प्रोग्रॅम इनडिझाइन सीएस६ आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या फायली घ्यायचं, पुढच्या आवृत्त्यांनी तेही सोडलं. शेवटी एका दुकानात जुनी आवृत्ती मिळाली. आधी पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा भुसा. तेव्हाच्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, फाँट नसला की मजकूर असून नसल्यासारखा. दुकानदाराने तो मराठी फाँट कुठून तरी मिळवून घातला आणि शब्द पटापट जागेवर आले. मी हरखले. ‘छापा’ म्हणणारच होते.

घरी येऊन मालकंसाचं पान पेटीवर ठेवलं आणि वाजवायला घेतलं. सा ग म ध नी, सगळे शुद्ध! मालकंसात गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल. स्वरांखालच्या आडव्या रेघा, म्हणजे कोमलच्या खुणा, गळल्या की उरतो तो भिन्नषड्ज. राग उत्तम आहे हो, पण बाबांनी त्यात ती चीज बांधली नव्हती. चूक बेसूर असती तर कुणाच्याही कानाला टोचली असती. ही चांगली सुरेल होती. मंद्र-तार सप्तकांची टिंबं गेली होती, एका मात्रेतले स्वर बांधणारे खालचे कंस गेले होते. ज्या गावात ही स्वरलिपी घडवणाऱ्या भातखंड्यांच्या प्रयत्नांतून १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, त्या गावात स्वरलिपीची ही दशा.

तुमच्याकडे आले ती रडकुंडीला येऊनच. बाबांचा जुना कॉम्प्युटर कबाडीला दिला हे सांगितल्यावर तुम्ही माझ्याकडे जे बघितलंत, ते अजून विसरले नाहीये. एक शब्द बोलला नाहीत, तेच जास्त लागलं. मग फाईलमधली फाँटांची यादी उघडलीत आणि म्हणालात, ‘ताई, इथे दोन नावं आहेत. शेवटचं एक अक्षर तेवढं वेगळं.’ तुम्हाला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे तुमचेच शब्द. पण आम्हा गाणाऱ्यांपैकी एकालाही ती यादी वाचायचं सुचलं नव्हतं. काकांनी मूळ फाँटची नक्कल करून तिच्यातल्या रिकाम्या जागांवर रेघा, टिंबं आणि कंस स्वतः काढून बसवले होते. दुकानदाराने साधा फाँट घातला, म्हणून अक्षरं आली आणि खुणा पुसल्या गेल्या.

पुढचं डोकंही तुमचंच. छपाईसाठी फिल्म काढायला बाहेर काम पाठवताना फाईलबरोबर फाँटही द्यावा लागायचा, म्हणजे तो कुठल्यातरी फ्लॉपीवर असणार. काका आता नाहीत, पण त्यांच्या मुलाने माळा उपसला. ‘आउटपुट’ लिहिलेली फ्लॉपी निघाली, शिवाय पेजमेकरची मूळ सीडी, नंबरासकट. फाँट टाइप १ जातीचा निघाला. म्हणजे फायलींची जोडी, एकीत अक्षरांचे आकार, दुसरीत रुंदी, आणि विंडोजला दोन्ही लागतात. रुंदीची फाईल नेमकी खराब जागेवर! पुसून, थांबून, दुसरा ड्राइव्ह आणून, तिसऱ्या संध्याकाळी ती उतरली. तुमचा फोन आला तेव्हा माझी शिकवणी चालू होती. मुलींना वाटलं, घरात बारसं आहे.

त्यातही मेख होतीच. अडोबीने जानेवारी २०२३पासून आपल्या प्रोग्रॅममधून टाइप १ फाँट बंद केलेत, तेव्हा नव्या इनडिझाइनमध्ये हा फाँट घालून काही उपयोग नव्हता. म्हणून तुम्ही व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनं विंडोज एक्सपी बसवलंत, त्याचं इंटरनेट तोडलंत, आणि त्या कॉम्प्युटरातल्या कॉम्प्युटरात पेजमेकर उघडलंत. मालकंसाचं पान आलं. रेघा होत्या. मी काही बोलले नाही, तुम्हीही चहा आणायच्या निमित्ताने उठून गेलात, बरं केलंत.

पीडीएफ काढून द्यायचं आणि मोकळं व्हायचं, असं दुसऱ्या कुणी केलं असतं. तुम्ही फाँट आत रुतवलेली पीडीएफ तर केलीतच, वर म्हणालात, ‘ही बघायला ठीक, पण उद्या एक स्वर सुधारायचा झाला तर?’ म्हणून सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे ठरावीक फाँटावर न अडणाऱ्या अक्षरांत, नेलात. कोमलच्या रेघेसाठी अक्षरांच्या तक्त्यात शोधत बसलात आणि मला विचारलंत, ‘ताई, ही चालेल का?’ ती वेदपाठातली अनुदात्ताची खूण होती! ग॒ ध॒ नि॒. बाबांना हे फार आवडलं असतं. मग तीन रविवार बाबांची वही माझ्या हातात, पडदा तुमच्यासमोर, आणि ओळ न् ओळ ताडून पाहणं. मूळ फाईल, फाँट, पीडीएफ आणि काय कशात उघडतं याची तुम्ही लिहिलेली साधी चिठ्ठी, असं सगळं आता तीन घरांत आहे. एक प्रत पुण्याला भावाकडे.

फ्लॉपी अजून तुमच्याकडेच राहिलीये. द्यायला याल तेव्हा जेवूनच जायचं. आणि हो, अठ्ठावन्नाव्या पानावर बाकीच्यांसारखे सोळा रकाने नाहीत, चौदाच आहेत, दोन गळले की काय म्हणून तुम्ही परवा पुन्हा फोन केलात. काही गळलेलं नाही. झुमरा ताल आहे तो, चौदा मात्रांचाच असतो.

तुमची,
जनकगंजची ताई