जड जिभेच्या माणसाचे आभारपत्र

नागपूर

आदरणीय सिस्टर मावशी,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुमचे आभार समोरासमोर मानायचे होते, परंतु नेमका तोच शब्द अजून जिभेवर अडतो. म्हणून हे पत्र डाव्या हाताने चार दिवस बसून लिहिले आहे आणि मंडळीतल्या सर्वांना वाचता यावे म्हणून ते उघडे ठेवले आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मला पक्षाघात झाला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. ज्याने 22 वर्षे रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचले आणि आठवडाभर शाळेत मराठी शिकवले, त्याला स्वतःच्या बायकोचे नाव घेता येईना. समोरच्याचे बोलणे बहुतेक कळत होते, पण तोंडातून भलतेच निघत होते. पाणी हवे असताना मी ‘खिडकी’ म्हणत असे. मेंदूच्या डाव्या बाजूचा, भाषा सांभाळणारा भाग दुखावला आहे आणि याला वाचाघात म्हणतात, असे डॉक्टरांनी सांगितले. भेटायला येणारे भले होते, तरी त्यांच्या प्रार्थनांनी मी अधिकच खचत गेलो, हे आज कबूल करतो. विश्वास पुरेसा असता तर जीभ केव्हाच मोकळी झाली असती, असे एकाने उशाशी उभे राहून सांगितले. मला उत्तर देता येत नव्हते, हे त्यांच्या सोयीचेच झाले असावे.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा नवतपा, म्हणजे मे अखेरीचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. सदरहून निघून, बर्डीवर बस बदलून, भर दुपारी मानेवाड्यापर्यंत येणे धडधाकट माणसालाही जड जाते. तुम्ही तर सत्तरी ओलांडलेल्या आणि कंपवाताने हात थरथरणाऱ्या. कूलरसमोर घाम सुकवून तुम्ही पवित्र शास्त्र उघडले ते निर्गमच्या चौथ्या अध्यायावर. इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवायला देव मोशेला पाठवू पाहतो, तेव्हा मोशे सांगतो की आपण मुखाचे आणि जिभेचे जड आहोत, देव त्याला साहाय्याचे वचन देतो, तरीही तो दुसऱ्या कोणाला तरी पाठव म्हणून अडून बसतो, तेव्हा देव रागावतो आणि त्याच्या वतीने बोलायला त्याचा भाऊ अहरोन जोडीला देतो. हा भाग मी शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या धर्मवर्गात, कितीदा शिकवला असेल, परंतु मोशेची जीभ बरी झाली असे तिथे कुठेही लिहिलेले नाही, हे तुम्ही बोट ठेवून दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

मग तुम्ही नव्या करारातल्या प्रेषित पौलाकडे वळलात. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले. काटा राहिला, आणि कृपा तुला पुरे आहे, शक्ती अशक्तपणातच पूर्णतेस येते, एवढेच उत्तर त्याला मिळाले. त्यावर तुम्ही म्हणालात, “पौलाला मिळालं नाही, मलाही नाही मिळालं. पण आज इथवर यायला पुरलं.” मराठीचा मास्तर म्हणून सांगतो, ‘पुरे’ हा शब्द आपण बहुधा कंटाळून उच्चारतो. त्या दुपारी मात्र तो मला दिवसाच्या शिध्यासारखा ऐकू आला, रानात इस्राएल लोकांना रोजच्यापुरता मिळणाऱ्या मान्ना नावाच्या अन्नासारखा. उद्याचा साठवून ठेवता येत नाही, आणि मी तर पुढच्या दहा वर्षांचा एकदम मागत होतो.

गाण्याची युक्ती तुमचीच. बोलता न येणाऱ्या रुग्णाला पुष्कळदा गाता येते, हे तुम्ही परिचारिकेच्या नोकरीत पाहिले होते. माझा डावा हात हातात घेऊन तुम्ही रेव्हरंड टिळकांच्या एका गीताचा ठेका धरलात, आणि बोलताना एक शब्द न सापडणाऱ्या माझ्या तोंडून अख्खी ओळ सुरात बाहेर पडली. पुढच्या ओळीला तुमच्या हाताच्या कंपाने ताल चुकला, तुम्ही स्वतःवरच हसलात आणि मीही हसलो. पक्षाघातानंतरचे ते माझे पहिले हसणे होते. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या, कारण त्यांना वाटले मी रडतो आहे.

त्यानंतर पावसाळाभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुम्ही येत राहिलात. सुरातून शब्द सोडवायला, मग सूर हळूहळू काढून घ्यायला तुम्ही शिकवलेत. थरथरत्या हाताने कप धरताना चहा बशीत सांडायचा, तो तुम्ही कधी लपवला नाही. देवाचे सामर्थ्य बलवान माणसांच्या साक्षीतून मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. ते मला त्या बशीपाशी दिसले, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. तुमचा हात स्थिर असता, तर माझा हात तुमच्या हाती द्यायला मी इतक्या सहज तयार झालो नसतो.

येत्या रविवारी पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ मला दिला आहे. निर्गमचा चौथा अध्याय मीच मागून घेतला, दहाव्यापासून सोळाव्या वचनापर्यंत. घरी वाचायला नऊ मिनिटे लागली आणि ‘अहरोन’वर प्रत्येक वेळी अडलो. तुम्ही कृपया पहिल्या बाकावर, माझ्या डाव्या हाताला बसा. तिथे अडलो, तर बाकावर ठेका धरा. ताल चुकला तरी चालेल.

तुमचा ऋणी,
मानेवाड्याचा मास्तर