खुब्यात काय बसवलंय, ते कागदावर हवं

महोदय,

खुबा बदलण्याच्या जाहिरातींत ‘आयुष्यभराचा सांधा’ हे शब्द हल्ली सर्रास दिसतात. कृत्रिम सांध्यात मांडीच्या हाडात रोवलेल्या दांड्यावर गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडात बसवलेल्या धातूच्या वाटीत, तिच्या अस्तरावर फिरतो. सांधा किती टिकेल हे बरंचसं या गोळ्यावर आणि अस्तरावर ठरतं. नेमकी तीच माहिती बहुतेक रुग्णांपाशी नसते.

चालताना गोळा पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकच्या अस्तरावर घासतो. जुन्या प्रकारचं अस्तर वर्षाला साधारण ०.१ मिमी झिजायचं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण खरं नुकसान सुटणारे सूक्ष्म कण करतात. शरीरातल्या भक्षक पेशी ते कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशींतून जे स्राव सुटतात, त्यामुळे भोवतालचं हाड पोखरलं जातं आणि दांडा किंवा वाटी सैल होते. गेल्या पंचवीसेक वर्षांत किरणांचा मारा करून रेणू एकमेकांना जोडलेलं, म्हणजे क्रॉसलिंक्ड, पॉलिएथिलीन आलं आणि ही झीज खूपच कमी झाली. म्हणून अस्तर कोणतं, हा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच विचारायला हवा.

हाड पोखरत असताना बहुधा दुखत नाही. दुखू लागतं तेव्हा सांधा हललेला असतो. त्यामुळे काही त्रास नसला तरी ठरावीक काळाने एक्सरे काढावा आणि जुने एक्सरे टाकून देऊ नयेत. अस्तर एक्सरेत दिसत नाही. धातूची वाटी आणि गोळा यांच्यामधलं अंतर तेवढं दिसतं. वरच्या बाजूचं अंतर आधीच्या एक्सरेपेक्षा कमी भरलं, तर गोळा अस्तरात वर सरकला आहे, म्हणजे झीज झाली आहे.

वेळीच कळलं आणि वाटी हाडात पक्की असली, तर पुष्कळदा नुसतं अस्तर आणि गोळा बदलून भागतं. मात्र नवं अस्तर त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या, त्याच मापाच्या वाटीत बसतं. ही नोंद सापडली नाही, तर चांगली पक्की वाटी उकरून काढण्याची पाळी येऊ शकते आणि तिच्यासोबत हाडही जातं. सिरॅमिकचा गोळा फुटला असेल तर आणखी जपावं लागतं. मागे राहिलेल्या कणांवर धातूचा गोळा बसवला, तर ते कण त्याला झपाट्याने खरवडतात.

धातूवर धातू घासणारा, डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला गेला. भारतात तो साडेचार हजारांहून अधिक शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांचा पुढे मागच लागला नाही. अशा सांध्याच्या झिजेतून कोबाल्ट आणि क्रोमियम हे धातू रक्तात उतरतात. त्यांसाठी ज्यांचं रक्त तपासायला हवं होतं, त्यांच्यापर्यंत निरोप पोचवायचा कसा?

प्रत्येक भागाच्या खोक्यात कंपनीचं नाव, मॉडेल, माप आणि लॉट क्रमांक छापलेले स्टिकर असतात. वाटी, अस्तर, गोळा आणि दांडा यांचं प्रत्येकी एक स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून देणं आरोग्य खात्याने सर्व रुग्णालयांना बंधनकारक करावं. तोवर नातेवाइकांनी ते घरी जाण्याआधी मागून घ्यावेत आणि त्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा.

– एक अस्थिरोगतज्ज्ञ, नाशिक